पंखा बंद केल्यावर

"चाचा, पंखा बंद करू का थोडा वेळ? आवाज येतोय."

मिरजेतली सतारमेकर गल्ली, मे महिना, सकाळचे अकरा. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली, उठले आणि स्वतःच बटण बंद करून आले. पुढची पन्नास मिनिटं आम्ही त्यांची मुलाखत घेत होतो. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कपाळावरचा घाम भुवईत उतरत होता, भुवईतून डोळ्यात जात होता आणि बोलता बोलता ते तो बाहीला पुसत होते. मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड किती छान चमकतोय, एवढंच माझ्या मनात आलं. तो उजेड नव्हता, घाम होता. हे लिहिताना आजही कसंतरी होतं.

गोष्ट 2016 ची. आम्ही तिघं पुण्यात जनसंवादाच्या एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पदवीसाठी एक माहितीपट करायचा होता. मिरजेचे तंबोरे हा विषय मी सुचवला. लहानपणी सात वर्षं मी गाणं शिकले. क्लासमधला तंबोरा मिरजेहून आलेला होता. दर आठवड्याला त्याला टेकून बसलेल्या मला त्याच्याविषयी बरंच माहीत आहे असं वाटायचं. त्यामुळे दिग्दर्शन माझ्याकडे आलं. वर्गातली एक मैत्रीण आमच्यात सगळ्यांत चांगले फोटो काढायची, तिनं कॅमेरा घेतला. उरला तो मित्र आणि उरलं ते काम, म्हणजे ध्वनी. कुणी कधी मुद्दाम ठरवलं नाही, पण आमच्या मनात कामांची प्रतवारी झालेली होती. ज्या चित्रपटाचा विषयच आवाज, त्यातला आवाज आम्ही सगळ्यांत शेवटी वाटून दिला.

भाड्यानं घेतलेला कॅमेरा, तीन लेन्स, एक ट्रायपॉड, एक झूम रेकॉर्डर, एक बूम आणि तिघांत मिळून दोन चादरी, एवढं सामान घेऊन आम्ही कोयना एक्सप्रेसनं मिरजेला उतरलो. पाच दिवसांचं चित्रीकरण ठरवलं होतं. वहीत शॉटची यादी होती, एकशे चौदा शॉट. मला त्या यादीचा फार अभिमान होता.

चाचांचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, मागे राहतं घर. वर आढ्याला भोपळे टांगलेले. हे भाजीचे भोपळे नव्हेत, कडू भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला त्यांची लागवड होते. आणलेला भोपळा महिनोन्‌महिने वाळतो, मग कापण्याआधी पाण्यात भिजवून मऊ करतात, आतून साफ करतात, तोंड पसरट राहावं म्हणून आत काड्या अडकवून पुन्हा वाळवतात. त्यावर तूणाच्या लाकडाची तबली, म्हणजे पुढचं झाकण, बसते, वर दांडी जाते, खुंट्या लागतात, लाखेचं पॉलिश होतं. हे सगळं चाचांनी पहिल्या दिवशी त्या पन्नास मिनिटांत सांगितलं. आम्ही ते टिपलंही. पण टिपून घेणं म्हणजे कळणं नव्हे, हे पुढच्या चार दिवसांत कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा जवारी करायला बसले. ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या एका घोडीवरून जातात. तिचा माथा सपाट दिसतो पण तसा नसतो, त्याला अगदी किंचित गोलाई असते. तार त्या गोलाईला घासत थरथरते, म्हणून तिचा आवाज एकदम येऊन विझत नाही, तो उमलत जातो. ही गोलाई कानशीनं घासून आणायची, ती जवारी. सगळ्या वाद्याचा प्राण त्या दोन-तीन बोटं रुंदीच्या जागेत असतो. आमच्या यादीत हा सत्तेचाळीस नंबरचा शॉट होता, 'घोडी घासताना हात, क्लोज'.

चाचांनी कानस उचलली तेव्हा मैत्रीण लेन्स बदलत होती. मी म्हणाले, "चाचा, एक मिनिट हं." त्यांना बहुतेक ऐकूच आलं नाही. मान तिरकी करून त्यांनी तार छेडली, ऐकलं, घोडी घासली, पुन्हा तार छेडली. आम्ही लेन्स बसवून, फोकस लावून तयार झालो तेव्हा ते फुंकर मारून भुकटी उडवत होते.

"चाचा, परत एकदा कराल?"

"परत?" त्यांनी खरोखर न कळून विचारलं. "घासलेलं हाड परत येतंय व्हय?"

मग आमचे चेहरे पाहून त्यांनाच वाईट वाटलं. "वाटलं तर नुसता हात हलवून दावतो," म्हणाले. आणि त्यांनी तसं केलं. हाडाला न टेकवता कानस पुढेमागे नेली. आम्ही तीन बाजूंनी तो शॉट घेतला आणि खूश झालो.

रात्री लॉजवर लॅपटॉपवर तो शॉट पाहताना आम्ही तिघंही गप्प होतो. चित्र उत्तम होतं, फोकस अचूक होता. पण त्या हातात वजन नव्हतं. दुपारी खरंखुरं घासताना चाचांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, मांडीवर बारीक भुकटी सांडली होती आणि मुख्य म्हणजे ते श्वास धरून बसले होते. कॅमेऱ्यासाठी हात हलवताना ते सहज श्वास घेत होते. माणूस काम करतो आहे की काम केल्याचं दाखवतो आहे, हे शरीर लपवू शकत नाही. मला वाटतं, ते लपवायचं असतं तेव्हाच नट लागतो, आणि नटालाही ते वर्षानुवर्षं शिकावं लागतं. आम्ही एका कारागिराला त्याच्याच कामाचं नाटक करायला लावलं होतं.

तो शॉट आम्ही त्याच रात्री बाजूला काढला. वहीतली यादीही मी मिटली. दुसरा तंबोरा जवारीला यायला दीड दिवस होता. तोवर कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी लावून ठेवायचा, लेन्सला हात लावायचा नाही, असं ठरवलं. त्या दीड दिवसात आम्ही फार थोडं चित्रित केलं आणि पुष्कळ पाहिलं.

तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळचं मात्र मला सावकाश सांगायचं आहे.

तयार झालेला एक तंबोरा गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी नेणार होतं. चाचांनी तो जुळवला आणि आम्ही दहा मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. पंचम, दोन षड्ज, खर्ज. फार छान झालंय असं आम्हाला वाटलं. मित्रानं मोठ्या उत्साहानं हेडफोन चाचांच्या कानाला लावले. आपल्या वाद्याचा आवाज असा ऐकून ते खूश होतील अशी आमची कल्पना.

त्यांनी डोळे मिटले. अर्धा मिनिट ऐकलं असेल. मग हेडफोन काढून, पुसून, मित्राच्या हातात दिले.

"हा माझा तंबोरा नव्हं."

आम्हाला वाटलं हेडफोन स्वस्तातले आहेत, म्हणून म्हणत असतील. मित्र तसं म्हणालाही. चाचांनी मान हलवली. "तसं नाही. तार छेडली की आवाज वर येतो, फुलतो, मग हळूहळू उतरतो. ह्यात उतरतच नाही. उतराय लागला की कोणतरी खालनं ढकलतंय त्याला."

मित्रानं रेकॉर्डर हातात घेतला, मेनू उघडला आणि तो खाली बसला. आवाजाची पातळी यंत्रानंच ठरवावी अशी सोय त्यात असते, ती चालू राहिली होती. आवाज मोठा झाला की यंत्र तो दाबतं, लहान झाला की वर उचलतं. दोन माणसांच्या गप्पांना कदाचित चालून जाईल. पण तंबोऱ्याचं सगळं सौंदर्य त्या उतरण्यात असतं, आणि आमचं यंत्र तीन दिवस प्रत्येक उतार भरून काढत होतं. शिवाय प्रत्येक शांत जागेत रस्त्यावरची रिक्षा, शेजारची ठोकठोक, पन्नास प्रकारची खरखर वर उचलून आणत होतं. चाचांनी रेकॉर्डर जन्मात हाताळला नव्हता. तरी यंत्राच्या आत काय चाललंय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुढे ध्वनीवरची बरीच पाठ्यपुस्तकं वाचली, पण 'कोणतरी खालनं ढकलतंय' इतकं नेमकं वर्णन मला त्यांत सापडलं नाही.

तीन दिवसांचं तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण वाया गेलं. मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चूक त्याची एकट्याची नव्हती. पहिल्या दिवशी चालू-बंद पाहताना मी फक्त कॅमेरा तपासला होता. ट्यूबलाइटच्या पट्ट्या चित्रात दिसू नयेत म्हणून शटर एक पन्नासांशावर ठेवायचं, हे मला पाठ होतं, कारण आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. आवाजाच्या बाबतीत अशी एकही गोष्ट मला पाठ नव्हती, आणि पाठ करावी असं कधी वाटलंही नव्हतं.

चाचांनी चहा मागवला. मग म्हणाले, "बसा इथं. पंखा बंद करा."

पहिल्यांदाच पंखा त्यांनी बंद करायला सांगितला होता. त्यांनी सुताचा एक दोरा घेतला. तार आणि घोडी यांच्यामध्ये हा दोरा असतो, त्याला जीव म्हणतात. तो केसभर इकडे सरकवला की आवाज बंद होतो, केसभर तिकडे सरकवला की चरचरतो, आणि मध्ये कुठेतरी एक जागा असते. ते खर्जाची तार छेडत होते आणि दोरा सरकवत होते.

"आलं ऐकू?"

"काय, चाचा?"

"गंधार."

मी गाणं शिकत होते तेव्हा बाई सांगायच्या की उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. खर्जाच्या तारेतून जे स्वरांश निघतात त्यातला पाचवा हा गंधार असतो. कुणी न लावलेला, आपोआप उगवणारा. बाई विचारायच्या, "येतोय का ऐकू?" आणि आम्ही सगळ्या मुली माना डोलवायचो. मीही सात वर्षं डोलवली. मला तो कधीच ऐकू आला नव्हता. पण इतरांना येतोय आणि मला येत नाही हे सांगायची हिंमत कधी झाली नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा म्हणाले, "नाही आला."

चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. दोरा सरकवला, तार छेडली. नाही. पुन्हा. नाही. बाहेर अंधार पडत होता, गल्लीतली ठोकठोक थांबली होती, आम्ही तिघं घामानं निथळत होतो. पाचव्यांदा की सहाव्यांदा, तारेचा मूळ आवाज खाली जात असताना, त्याच्या वर कुठेतरी एक बारीक, स्वच्छ स्वर उभा राहिला. मी काही बोलले नाही. चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोऱ्यावरचा हात काढला.

माझ्या दृष्टीनं आमचा चित्रपट त्या क्षणी सुरू झाला. त्या क्षणी आमची सगळी यंत्रं बंद होती.

पुढचे दोन दिवस आम्ही वेगळे होतो. रेकॉर्डरची पातळी हातानं लावली, सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी, म्हणजे वर जागा उरते आणि खालची उतरण उतरण राहते. माइक तबलीच्या समोरून काढून किंचित बाजूला, घोडीकडे नेला. दर बैठकीनंतर खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घेतला, कुणी न बोलता. आणि पंखा. आठ मिनिटं बंद, दहा मिनिटं चालू, असा हिशेब मी वहीवर लिहिला आणि घड्याळ लावून पाळला. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ज्या माणसाकडून आपल्याला इतकं हवं असतं त्याच्या अंगाला काय होतंय, हे पाहणं दिग्दर्शनातच येतं. मला तर वाटतं, सगळ्यात आधी तेच येतं.

खोलीत उजेड कमी होता. आमच्याकडे दिवे नव्हते. चाचींनी पेटीतून धुतलेली पांढरी चादर काढून दिली आणि दारात ऊन पडायचं तिथे दोन टोकं धरून स्वतः उभ्या राहिल्या. बाहेरचं ऊन चादरीवरून चाचांच्या हातांवर पडायला लागलं. वर्गात शिकलो होतो की 1913 साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' होत असताना सरस्वतीबाई फाळके उन्हात अशाच पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, शिवाय कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या कामगारांचा स्वयंपाकही करायच्या. वर्गात ते परीक्षेत उपयोगी पडणारं वाक्य होतं. चाचींचे हात भरून आलेले पाहिले तेव्हा त्याचा अर्थ पोचला. आमच्या श्रेयनामावलीत 'प्रकाश' या शब्दापुढे चाचींचं नाव आहे. ते आम्ही मनापासून लिहिलं.

दुसऱ्या तंबोऱ्याची जवारीही मिळाली. एकच शॉट, बावीस मिनिटांचा. मैत्रीण ट्रायपॉडमागे उभी होती आणि तिनं कशालाही हात लावला नाही. त्यातली जवळपास चार मिनिटं चित्रपटात आहेत.

चौथ्या दिवशी रात्री चाचा कॅमेऱ्यासमोर एका घरगुती गोष्टीबद्दल बोलले. कुणी विचारलं नव्हतं. आपोआप बोलत गेले, मग बराच वेळ गप्प बसले. एवढी खरी, एवढी हलवून सोडणारी दहा मिनिटं आमच्या अकरा तासांच्या चित्रणात दुसरी नव्हती. सकाळी आम्ही पोचलो तर ते दाराशीच उभे होते. "रात्रीचं ते घालू नका," एवढंच म्हणाले.

चहाच्या टपरीवर आमचं भांडण झालं. मैत्रिणीचं म्हणणं होतं की ते स्वतःहून बोललेत, कॅमेरा समोर होता, आणि चित्रपट त्याच्यावर उभा राहील. तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, मलाही तो मोह होताच. मित्र शेवटी म्हणाला, "आपण सोमवारी पुण्याला जाणार. ते ह्याच गल्लीत राहणार." आम्ही परत गेलो आणि चाचांच्या समोर ती फाइल कार्डावरून काढून टाकली. त्यांनी त्यात काय सांगितलं होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

संकलनाला दोन महिने लागले. पहिल्या खर्ड्याला मी निवेदन लिहिलं होतं आणि त्यात सगळं होतं. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे कशी वळली, त्यांच्यातले फरीदसाहेब, पटवर्धनांच्या संस्थानाचा आश्रय, बाळकृष्णबुवांकडे मिरजेत गाणं शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर, दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेणारे गायक अब्दुल करीम खाँ. माहिती खरी होती आणि ती जमवायला मी कष्ट घेतले होते. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा मिळालं असतं तर तेही मी निवेदनात घातलं असतं.) आमच्या मार्गदर्शक बाईंनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे पुण्यात बसूनही लिहिता आलं असतं. तिथे पाच दिवस बसून तुम्हाला काय मिळालं?"

मी गंधाराची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग हे सगळं बोलणं चालू असताना तो ऐकू कसा येणार?"

निवेदन गेलं. त्यासोबत माझा सगळ्यात लाडका शॉटही गेला. पहाटेच्या तिरप्या उन्हात आढ्याला टांगलेले भोपळे आणि त्यांच्याखालून सरकत जाणारा कॅमेरा. तो काढायला मी आठवडाभर तयार नव्हते. पण तो लागला की बघणारा भोपळे पाहायला लागायचा आणि त्याचा कान मिटायचा. प्रत्येक वेळी हे दिसत होतं. आठव्या दिवशी मीच तो काढला. चित्रपट तेरा मिनिटांचा झाला. त्यात चाचांचं बोलणं, काम, गल्ली, आणि शेवटी दोन मिनिटं फक्त जुळलेला तंबोरा. विभागात दाखवला तेव्हा त्या दोन मिनिटांत कुणीतरी उठून खोलीतला पंखा बंद केला. गुण चांगले मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं चित्रपट घेऊन मिरजेला गेलो. चाचांनी खोली आवरून ठेवली होती, शेजारचे दोन कारागीर आले होते, चाची दाराशी बसल्या. लॅपटॉप एका पाटावर ठेवला. मित्रानं या वेळी चांगले स्पीकर मागून आणले होते. सुरू करायच्या आधी चाचा उठले आणि बटण बंद करून आले.

बाकी सगळे पडद्याकडे पाहत होते. चाचांनी सुरुवातीला थोडं पाहिलं, मग डोळे मिटून घेतले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. शेवटची दोन मिनिटं आली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, तार छेडल्यासारखी. संपल्यावर कुणी काही बोललं नाही. शेजारच्या कारागिरांनी चाचांकडे पाहिलं.

"तंबोरा माझाच आहे," चाचा म्हणाले. मग जरा थांबून, मित्राकडे वळून, "पण ते मी भोपळा भिजवायचं सांगतोय ना, तिथं पंखा चालू आहे. आतल्या खोलीतला. हिचा."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य आम्ही शेवटच्या दिवशी पुन्हा घेतलं होतं. पुण्याला आल्यावर त्याच्या मागे एक बारीक घरघर सापडली होती आणि संगणकावर ती आम्ही रात्रभर बसून पुसली होती. आम्हा तिघांना, मार्गदर्शक बाईंना, परीक्षकांना, कुणालाही ती पुन्हा ऐकू आली नव्हती.

"होय चाचा," मित्र म्हणाला. "चालू होता."

चाचांनी मान डोलवली. चाचींनी पदरानं तोंड पुसलं.

"लावा की आता पंखा," चाचा म्हणाले. "पोरं घामाघूम झालीत."